परमारांनी राखलेला डोंगर : हिमाचलच्या मुख्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. श्री. सुखविंदर सिंह सुक्खू,
मुख्यमंत्री, हिमाचल प्रदेश,
शिमला.

विषय : डॉ. यशवंत सिंह परमार यांनी केलेला जमिनीचा कायदा आणि आखलेले रस्ते यांबाबत.

महोदय, सप्रेम नमस्कार.

मी दापोली तालुक्यातला आंबा-काजूचा बागायतदार. तरुणपणी फलोत्पादन शिकायला सोलनजवळच्या नौणीला होतो. तेव्हापासून तुमच्या राज्याची बातमी दिसली की मी ती वाचल्याशिवाय पुढे जात नाही. पत्र मराठीत लिहितो आहे, कारण यात तुमच्याकडे मागणं आहे तसं माझ्या कोकणातल्या माणसांनाही काही सांगायचं आहे. ते त्यांच्या भाषेत त्यांच्यापर्यंत पोचावं. तुमच्यापर्यंत कोणी तरी हिंदीत पोचवेल याची खात्री आहे.

नौणीच्या विद्यापीठाला डॉ. परमारांचं नाव आहे. शिकत होतो तेव्हा ते नाव मला फाटकावरच्या पाटीपुरतंच ठाऊक होतं. हळूहळू कळत गेलं की आजूबाजूला जे दिसतंय, म्हणजे बांधाबांधावर सफरचंद आणि आडू (पीच), प्रत्येक वळणाला एक दुकान आणि बसचा थांबा, स्वतःच्या नावावर जमीन असलेला साधा शेतकरी, यातलं बरंच काही या एका माणसाच्या हट्टातून आलेलं आहे. मराठी वाचकांना परमार फारसे माहीत नाहीत. म्हणून आधी त्यांच्याविषयी लिहितो आणि मग मागण्याकडे येतो.

४ ऑगस्ट १९०६ चा त्यांचा जन्म, सिरमौर संस्थानातल्या चन्हालग या गावचा. वडील राजाच्या दरबारी नोकरीत. शिक्षण नाहन, लाहोर आणि लखनौला झालं, आणि परत येऊन ते त्याच संस्थानात न्यायाधीश झाले. चांगली, मानाची नोकरी होती. १९४१ साली दरबाराशी बिनसलं आणि ती सुटली. पुढची काही वर्षं ते प्रजामंडळाच्या कामात होते. डोंगरातल्या त्या लहान लहान रियासतींत तेव्हा बेगार चालायची. राजाचं सामान, पाहुण्यांच्या पालख्या, साहेबांचे तंबू रयतेने फुकट वाहायचे. १९४२ मध्ये सिरमौरच्या पझौता भागातल्या शेतकऱ्यांनी उठाव केला तो याच जाचाविरुद्ध, आणि संस्थानाने तो बंदुकीने मोडून काढला.

याच धामधुमीत, १९४४ साली, त्यांनी लखनौ विद्यापीठातून डॉक्टरेट घेतली. विषय होता हिमालयातल्या बहुपतित्वाची सामाजिक आणि आर्थिक पार्श्वभूमी. स्वतःच्याच मुलखातली, बाहेरचे लोक ज्यावर नाकं मुरडतात अशी चाल त्यांनी अभ्यासाला घेतली. लाज वाटून ती झाकून ठेवली नाही आणि तिचं कौतुकही मांडलं नाही. सगळ्या भावांची मिळून एकच बायको, ही रीत डोंगरात टिकली त्यामागे जमीन होती. उतारावर दगड रचून केलेल्या चार पट्ट्या, त्यांच्या चार वाटण्या झाल्या तर कोणाचंच पोट भरणार नाही. घराच्या आत काय चालतं ते बाहेरच्या शेतावर ठरतं, हे ज्याला इतक्या जवळून कळलं होतं, त्याच्या हातून पुढे जमिनीचे कायदे झाले. त्यांच्या एकूण कारकिर्दीची किल्ली मला या प्रबंधात दिसते.

१५ एप्रिल १९४८ ला तीस संस्थानं एकत्र करून हिमाचल प्रदेश झाला. १९५२ च्या मार्चमध्ये परमार पहिले मुख्यमंत्री झाले. आणि मग ते वर्ष आलं जे आम्हा मराठी माणसांच्याही काळजावर कोरलेलं आहे, १९५५. राज्य पुनर्रचना आयोगाने आम्हाला संयुक्त महाराष्ट्र नाकारला आणि द्विभाषिकाची शिफारस केली. त्याच अहवालात, त्याच फाजल अली आयोगाने हिमाचल पंजाबात विलीन करावा असं बहुमताने सुचवलं. खुद्द अध्यक्ष फाजल अली यांनी मात्र वेगळं मत नोंदवलं. कारण सांगितलं जात होतं ते नेहमीचंच, की हा डोंगराळ मुलूख स्वतःच्या पैशावर उभा राहू शकत नाही.

परमारांनी त्या वेळी जे केलं ते करायला फार थोडे मुख्यमंत्री तयार होतील. पंजाबात न जाता वेगळं राहायचं तर विधानसभा आणि मंत्रिमंडळ सोडून दिल्लीच्या थेट अखत्यारीत जायचं, एवढाच पर्याय उरला होता. त्यांनी तो पत्करला. १९५६ च्या ऑक्टोबरअखेर ते पदावरून उतरले, आणि हिमाचल एक प्रादेशिक परिषद असलेला केंद्रशासित प्रदेश झाला. स्वतःची खुर्ची गेली पण नकाशावरची रेघ राहिली. पुढची काही वर्षं ते खासदार म्हणून दिल्लीत तीच बाजू मांडत राहिले. १९६३ च्या जुलैत विधानसभा परत आली आणि तेही परत आले. १ नोव्हेंबर १९६६ ला पंजाबच्या फेररचनेत कांगडा, कुल्लू, लाहौल-स्पिती आणि शिमल्याचा भाग हिमाचलला मिळाला. ज्या राज्यात विरघळून जायचं होतं, त्याचेच डोंगर आपल्याकडे आले. २५ जानेवारी १९७१ ला शिमल्याच्या रिजवर, म्हणजे शहराच्या मधल्या मोकळ्या मैदानावर, बर्फ पडत असताना इंदिरा गांधींनी पूर्ण राज्याची घोषणा केली. देशातलं अठरावं राज्य. मोर्चे, गोळीबार, हुतात्मे यांतून आम्ही महाराष्ट्र मिळवला. तिथे एका माणसाने जवळजवळ सोळा वर्षं न थकता अर्ज, भाषणं, दिल्लीच्या वाऱ्या यांतून तेच मिळवलं. दोन्हीचं मोल मला सारखंच वाटतं.

आता रस्त्यांकडे येतो. १९४८ मध्ये तुमच्या राज्यात गाडी जाईल असा रस्ता २८८ किलोमीटर होता असं सरकारी कागद सांगतात. आज तो आकडा चाळीस हजारांच्या घरात आहे. कोणत्याही सभेत परमारांना विचारा, पहिलं काम रस्ता, दुसरं रस्ता आणि तिसरंही रस्ताच, हे त्यांचं उत्तर ठरलेलं असे. डोंगराच्या भाग्यरेषा म्हणायचे ते रस्त्यांना. यामागे हिशेब होता. सफरचंद शिमल्याच्या वरच्या कोटगढला स्टोक्स या अमेरिकेहून येऊन स्थायिक झालेल्या गृहस्थांनी पहिल्या महायुद्धाच्या काळातच आणून लावलं होतं. पण नाशवंत फळ पाठीवर वाहून किती आणि कुठवर नेणार? रस्ता आला तेव्हा पेटी खाली उतरली, आणि पेटी उतरली तेव्हा वरच्या गावात पैसा राहिला. आज वाशीच्या बाजारात ऑगस्ट-सप्टेंबरला हिमाचली सफरचंदाच्या पेट्या उतरतात, त्यांची सुरुवात तिथे आहे. आंब्याची पेटी वेळेत मुंबईला पोचली नाही तर काय होतं ते आम्हाला कोणी सांगायला नको.

त्या काळच्या रस्त्याची एक गोष्ट मला जवळून पाहायला मिळाली, ती सांगतो. नौणीकडून राजगढच्या बाजूला जाणाऱ्या जुन्या रस्त्यांवर जागोजागी डंगे आहेत. डंगा म्हणजे उताराला आधार देणारी सुक्या दगडांची भिंत. सिमेंट अजिबात नाही. मोठा दगड आडवा, त्याच्या फटीत लहान दगड ठोकून बसवलेला, मधूनच एक लांब दगड भिंतीत आतवर गेलेला, आणि सगळी भिंत डोंगराकडे किंचित कललेली. पावसात अशा डंग्यासमोर उभं राहिलं की प्रत्येक फटीतून पाणी पाझरताना दिसतं. डोंगराच्या पोटातलं पाणी अडत नाही, म्हणून मागची माती फुगत नाही आणि भिंत ढकलली जात नाही. एका म्हाताऱ्या मिस्त्रीने मला दगडावर हात ठेवून ते समजावलं होतं. रस्ता अरुंद असायचा, वळणं पुष्कळ, समोरून बस आली तर एकाला मागे जावं लागायचं. पण डोंगराला झेपेल तेवढाच त्याला कापलेला होता.

परवाणू ते सोलन हा पट्टा आता कसा आहे ते आपण रोज पाहता. चौपदरीकरणासाठी डोंगर जवळजवळ उभा छिलून काढला. त्यावर जाळी ठोकली, सिमेंटचा फवारा मारला. दर पावसाळ्यात तिथे दरड येते. २०२३ च्या ऑगस्टमध्ये चक्की मोड या ठिकाणी रस्ताच खाली गेला आणि शिमल्याची मुख्य वाट बंद पडली. ऐन सफरचंदाच्या हंगामात. कुल्लू-मनालीकडे बियासने त्याच वर्षी चौपदरी रस्त्याचे तुकडे नदीत नेले. १४ ऑगस्टला शिमल्यात समर हिलचं शिवमंदिर दरडीखाली गेलं, श्रावणी सोमवारची पूजा चालू असताना. २०२५ च्या जूनअखेर मंडी जिल्ह्यातल्या सराज भागात ढगफुटी झाली, थुनागचा बाजार गेला, आणि परमारांचं नाव असलेल्या विद्यापीठाचं तिथलं महाविद्यालयही त्यात सापडलं. त्याच जुलैत सर्वोच्च न्यायालयाला म्हणावं लागलं की असंच चालू राहिलं तर हिमाचल एक दिवस देशाच्या नकाशावरून नाहीसा होईल.

पाऊस जास्त पडतो आहे हे खरं. पण खोदकामाचा राडारोडा खड्डांमध्ये, म्हणजे ओढ्यांच्या पात्रात, ढकलून द्यायचा आणि मग पूर आला म्हणून आभाळाकडे बोट दाखवायचं, हे चालणार नाही. आमच्याकडे माळीण झालं, तळिये झालं, इर्शाळवाडी झाली. दर वेळी चौकशी होते, यादी होते, धोकादायक गावांचे नकाशे निघतात. पुढच्या आषाढात दुसरंच गाव जातं. त्यामुळे हे मी परक्याने परक्याला शिकवावं तसं लिहीत नाही.

आणि रुंद रस्त्यांची घाई कोणासाठी असते, तर त्यात आम्हीही आहोत. मे महिन्यात शिमला-कुलू-मनालीची सहल हा मराठी मध्यमवर्गाचा ठरलेला कार्यक्रम झाला आहे. चंदीगडहून मनालीला दोन तास आधी पोचलो याचं आम्हाला अप्रूप. ते दोन तास कुठल्या डोंगरातून कापून काढले हे विचारायची सवय आम्हाला लावून घ्यावी लागेल. मराठी वाचकांनो, हे तुमच्यासाठी.

महोदय, माझं खरं मागणं जमिनीबद्दल आहे. परमारांच्या पहिल्या कारकिर्दीत, १९५३ साली, हिमाचलने मोठ्या जमीनदाऱ्या संपवण्याचा कायदा केला. मग दुसऱ्या कारकिर्दीत, १९७२ साली, कमाल जमीनधारणेचा आणि कुळांचा कायदा आला. कसणारा मालक झाला. आमच्याकडेही कूळकायदा आला, १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन आमच्या आजोबांच्या पिढीला सणासारखा होता. इथपर्यंत दोन्ही राज्यं बरोबरीने चालली. पण परमार एक पाऊल पुढे गेले. त्यांनी त्या १९७२ च्या कायद्यात कलम ११८ घातलं. हिमाचलमध्ये शेतकरी नसलेल्या कोणालाही सरकारच्या परवानगीशिवाय तिथली जमीन विकत घेता येणार नाही. नुसती जमीन कुळाला देऊन भागत नाही, ती पुढच्या पिढीत पैसेवाल्याच्या हाती जाणार नाही याचीही तजवीज करावी लागते, हे त्यांनी ओळखलं. ज्याने चार पट्ट्यांच्या वाटणीवर प्रबंध लिहिला होता, त्यालाच हे सुचणार.

आमच्याकडे काय झालं ते ऐका. महाराष्ट्रातही शेतजमीन घ्यायला खरेदीदार शेतकरी असावा लागतो, पण तो कुठलाही चालतो. कोकणातल्या कुळांची दुसरी-तिसरी पिढी मुंबईला चाकरीला गेली, घरं बंद पडली, आणि एजंट दारोदार फिरू लागले. गुंठ्याचा भाव ऐकून भावाभावांनी सह्या केल्या. आज माझ्या गावाच्या आसपास डोंगरउतार जेसीबीने सपाट केलेले दिसतील, वर कंपाउंड, फाटकावर कुलूप आणि आत एक पोहण्याचा तलाव. ज्या झऱ्यावर वाडी पाणी भरायची तो कोणाच्या तरी बंगल्याच्या आवारात गेला आहे. नाणारच्या रिफायनरीची चर्चा सुरू झाली तेव्हा बाहेरच्यांनी जमिनी आधीच घेऊन ठेवल्या होत्या हे पेपरांत गाजलं. विकणाऱ्याला मी दोष देत नाही. घरात आजारपण, मुलीचं लग्न, मुलाची फी, अशी अडचण प्रत्येकाला असते. म्हणूनच कायदा लागतो. अडचणीतल्या माणसाच्या एकट्याच्या मनोधैर्यावर सगळ्या गावाचं भवितव्य सोडून देता येत नाही.

उत्तराखंडात गावंच्या गावं ओस पडली आहेत, आमच्याकडेही वाड्या म्हाताऱ्यांवर चालतात. हिमाचलच्या खेड्यांत मात्र अजून तरुण माणूस दिसतो. नोकरी शिमल्याला किंवा चंदीगडला असली तरी छाटणीला आणि तोडणीला तो घरी येतो. रस्ता, झाड आणि सातबारा ही तीन टोकं त्याच्या हातात आहेत. (तुमच्याकडे सातबाऱ्याला जमाबंदी म्हणतात.)

कलम ११८ सैल करावं अशी मागणी तुमच्याकडे दर काही वर्षांनी होते, सरकार कोणत्याही पक्षाचं असो. गुंतवणूक यायची तर जमीन मोकळी करा, पर्यटन वाढवायचं तर भाडेपट्टे सोपे करा, असं सांगितलं जातं. राज्यावर कर्ज मोठं आहे आणि तिजोरी ओढगस्तीत आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे मोह होणं मी समजू शकतो. त्या कलमाची एक खरी अडचणही आहे. पिढ्यान्‌पिढ्या शिमल्यात राहिलेला पण शेती नसलेला हिमाचलीसुद्धा त्यात अडकतो, घर बांधायला त्याला परवानगीसाठी खेटे घालावे लागतात. त्याची वाट जरूर सोपी करावी. पण त्याचं नाव पुढे करून हॉटेलवाल्यांचं आणि बिल्डरांचं दार उघडू नये. एकदा उघडलेलं ते दार पुन्हा लावता येत नाही, हे कोकणातून सांगतो आहे.

परमारांचं सगळंच बरोबर होतं असं मी म्हणणार नाही. भाक्राच्या गोविंदसागरात जुनं बिलासपूर शहर बुडालं. पोंग धरणात कांगड्याची सुपीक जमीन गेली आणि तिथल्या माणसांना दूर राजस्थानच्या वाळवंटात जमीन देऊ असं सांगण्यात आलं. ती धरणं दिल्लीची होती, फायदा मैदानातल्या राज्यांचा होता, हे मान्य. तरीही आपल्या माणसांसाठी डोंगराच्या मुख्यमंत्र्याने तिथे जास्त भांडायला हवं होतं असं मला वाटतं. पोंगच्या अनेक कुटुंबांचा हक्क अजून कागदावरच आहे. आमच्या कोयनेच्या धरणग्रस्तांची तिसरी पिढी अजून आंदोलनाला बसते, त्यामुळे हे दुःख मला अनोळखी नाही. परमारांच्या हातून राहून गेलेलं हे काम तुम्ही पुरं केलंत, तर ती त्यांची मोठी सेवा होईल.

त्यांचा आणखी एक आग्रह होता, तोही आता आठवायला हवा. उतारावर तीन थरांची शेती करा, असं ते सांगत. इमारती आणि चाऱ्याची झाडं, त्यांच्याबरोबर फळझाडं, आणि खाली गवत. मुळांनी माती धरायची, फळांनी घर चालायचं, गवतावर गुरं जगायची. नौणीत आम्हाला हे वर्गात शिकवलं गेलं. आज वरच्या अनेक उतारांवर नुसतंच सफरचंद आहे, आणि हिवाळ्यातलं बर्फ कमी झाल्याने तेही दरवर्षी आणखी वर सरकतं आहे. सराजमध्ये जमीन वाहून गेलेल्या शेतकऱ्यांना दुसरी जमीन देण्यासाठी तुमचं सरकार वनजमिनीची परवानगी केंद्राकडे मागत आहे. ती मागणी योग्य आहे. मिळेल तिथे या तीन थरांनिशीच शेतकऱ्याला उभं करा. नौणीतल्या प्राध्यापकांना त्याचा आराखडा करायला सांगितला तर ते आनंदाने करतील.

१९७७ च्या जानेवारीत परमारांनी मुख्यमंत्रिपद सोडलं. दोन्ही वेळचे मिळून अठरा वर्षं ते त्या पदावर होते. राजीनामा दिल्यावर ते शिमल्याच्या बसस्टँडवर गेले आणि हिमाचल परिवहनच्या बसने गावाकडे निघाले, हे तुमच्याकडे आजही घराघरांत सांगतात. २ मे १९८१ ला ते गेले तेव्हा बँकेच्या खात्यात ५६३ रुपये ३० पैसे होते, हेही सांगतात. अंगात सिरमौरी लोइया घालून दिल्लीच्या दालनांत वावरणारा हा माणूस. ज्या काळी दिल्लीत पहाडी म्हटलं की घरगडी डोळ्यांपुढे यायचा, त्या काळी त्याने तो लोकरी कोट मुद्दाम घातला. तुमचे वडील त्याच परिवहनच्या बसवर चालक होते असं वाचलं आहे. तेव्हा रस्त्याची कड कधी खचते आणि डोंगर कधी बोलायला लागतो, हे तुमच्या घरात कोणाला वेगळं सांगावं लागलं नसेल. म्हणूनच हे पत्र तुम्हाला लिहायचा धीर झाला.

मागणं थोडक्यात लिहितो. येत्या ४ ऑगस्टला, परमारांच्या जयंतीला, विधानसभेत ठराव करावा की कलम ११८ मध्ये हॉटेल, गृहप्रकल्प आणि व्यापारी भाडेपट्ट्यांसाठी सूट देणार नाही. डोंगरातला कुठलाही रस्ता रुंद करण्याआधी तो डोंगर किती कोनात कापणार आणि राडारोडा कुठे टाकणार याचा नकाशा त्या त्या ग्रामसभेपुढे हिंदीत आणि पहाडीत वाचून दाखवावा, आणि ग्रामसभेने हरकत घेतली तर काम तिथेच थांबावं, मग ते केंद्राचं असो की राज्याचं. ज्या रिजवर परमारांचा पुतळा आहे त्या रिजचीही एक कड खचते आहे, तिथली दुरुस्ती करताना तरी जुने डंगे बांधणाऱ्या मिस्त्रींना बोलवावं. त्यातले काही अजून हयात असतील, त्यांच्या हाताखाली पोरं तयार करून घ्यावीत.

उत्तर आलं तर आनंद होईल, हिंदीत चालेल. नाही आलं तरी ४ ऑगस्टच्या सकाळी मी तुमच्या विधानसभेची बातमी शोधणार आहे.

कळावे,
आपला,
दापोलीचा एक बागायतदार,
नौणीचा जुना विद्यार्थी